कृष्णविवर विरत असताना त्याच्या आत काय घडते: आलेखाच्या कागदावर समजून घेण्याची रीत

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणाऱ्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेच्या प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. तेव्हापासून मराठवाड्यात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माझ्यासारख्या शिक्षकांना कृष्णविवरांविषयी विचारले जाणारे प्रश्न अधिक खोलात शिरू लागले आहेत. पूर्वी कृष्णविवर म्हणजे काय, एवढ्यावर विद्यार्थ्यांचे समाधान होत असे. आता ते विचारतात की कृष्णविवर हळूहळू विरून जात असेल, तर त्या काळात त्याच्या आत काय चाललेले असते. सैद्धांतिक भौतिकशास्त्रातील अत्यंत अवघड प्रश्नांत याची गणना होते. तरीही त्याचा बराच मोठा भाग बी.एस्सी.च्या विद्यार्थ्याला आलेखाचा कागद, पट्टी, पेन्सिल आणि साधा सायंटिफिक कॅल्क्युलेटर घेऊन स्वतःच्या हाताने उलगडता येतो. ती रीत येथे मांडत आहे.

एक सूचना आरंभीच करावीशी वाटते. या विषयातील बहुतेक गोंधळाचे मूळ एकच आहे, आणि ते म्हणजे बाहेर उभ्या असलेल्या निरीक्षकाच्या घड्याळाने कृष्णविवराच्या आतली वेळ मोजण्याची सवय. ती सवय सुटली की उरलेला विषय कष्टसाध्य असला तरी गूढ राहत नाही. म्हणून पुढील प्रत्येक पायरीवर आपण कोणाच्या घड्याळाविषयी बोलत आहोत, हे वहीच्या समासात लिहून ठेवावे.

आधी आकडेमोड

अवकाशकालाच्या, म्हणजे अवकाश आणि काळ एकत्र मांडणाऱ्या, आकृतीकडे वळण्यापूर्वी तीन राशी स्वतः काढून पाहाव्यात. तिन्हींसाठी वस्तुमान किलोग्रॅममध्ये घ्यावे. पहिली राशी घटना क्षितिजाची, म्हणजे ज्या सीमेच्या आतून प्रकाशही बाहेर येऊ शकत नाही तिची, त्रिज्या: वस्तुमानाला १.४८५ आणि १० चा उणे २७ वा घात यांनी गुणले की ती मीटरमध्ये मिळते. दुसरी राशी तापमान: १.२३ गुणिले १० चा २३ वा घात या संख्येला वस्तुमानाने भागले की ते केल्विनमध्ये मिळते. तिसरी राशी आयुष्य: वस्तुमानाचा घन करून त्याला ८.४१ आणि १० चा उणे १७ वा घात यांनी गुणले की ते सेकंदांत मिळते. यांपैकी तापमानाचे सूत्र स्टीफन हॉकिंग यांनी १९७४ मध्ये मांडले. आयुष्याचे सूत्र त्याच तापमानावरून निघते, मात्र ते केवळ प्रकाशाचेच उत्सर्जन होते असे धरून आणि क्षितिजाच्या पृष्ठभागाला आदर्श उत्सर्जक मानून काढलेले आहे; म्हणून त्यातून येणारे उत्तर दशांश चिन्हापुढच्या अंकांसाठी वापरू नये.

सूर्याएवढ्या वस्तुमानाचे कृष्णविवर घेतले तर त्रिज्या सुमारे ३ किलोमीटर, तापमान सुमारे ६ गुणिले १० चा उणे ८ वा घात केल्विन आणि आयुष्य सुमारे १० च्या ६७ व्या घाताच्या दुप्पट वर्षे येते. विश्वाचे आजचे वय १३.८ अब्ज वर्षे, म्हणजे १० च्या १० व्या घाताच्या थोडेसे पुढे आहे. या दोन घातांमधले अंतर विद्यार्थ्यांनी स्वतः लिहून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये, असे माझे ठाम मत आहे, कारण आतल्या भागाविषयीचा प्रत्येक युक्तिवाद शेवटी याच अंतरावर टेकतो.

सूत्रांकडे बारकाईने पाहिले की आणखी एक वैशिष्ट्य दिसते. मे महिन्यात पैठणच्या नाथसागराची पातळी खाली जाते तसे पाण्याचे उघडे क्षेत्रफळ आक्रसते आणि रोज वाफ होऊन उडणारे पाणीही त्या मानाने कमी होत जाते. कृष्णविवराचा व्यवहार याच्या नेमका उलट आहे. ते जितके लहान होते तितके तापते, आणि जितके तापते तितक्या वेगाने वस्तुमान गमावते. सेकंदाला बाहेर पडणारी ऊर्जा वस्तुमानाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वाढते. त्यामुळे कृष्णविवराचे जवळजवळ सगळे आयुष्य संथपणे सरते आणि अखेरचा टप्पा अतिशय वेगाने उरकतो.

आकाशगंगेच्या केंद्रातील सॅजिटेरियस ए-स्टार हे कृष्णविवर सुमारे ४३ लाख सूर्यांच्या वस्तुमानाचे आहे. मराठवाड्यातून ते ज्या दिशेला आहे तो आकाशाचा भाग मे महिन्यात मध्यरात्रीनंतर दक्षिणेला, मूळ नक्षत्राच्या पूर्वेला, क्षितिजापासून जेमतेम ४० अंश वर येतो. या कृष्णविवराचे तापमान काढले तर ते १० च्या उणे १४ व्या घाताच्या आसपास केल्विन येते. याउलट विश्वात सर्वत्र भरलेले पार्श्वभूमी प्रारण २.७ केल्विन तापमानाचे आहे. याचा अर्थ असा की आज आपल्याला ठाऊक असलेले प्रत्येक कृष्णविवर जेवढे उत्सर्जित करते त्याहून कितीतरी अधिक शोषून घेते, म्हणजेच ते वाढत आहे. आजच्या विश्वात निव्वळ घट व्हायची असेल तर वस्तुमान सुमारे ४.५ गुणिले १० चा २२ वा घात किलोग्रॅमपेक्षा, म्हणजे आपल्या चंद्राच्या वस्तुमानापेक्षाही, कमी असावे लागेल. इतके लहान कृष्णविवर अद्याप कोणालाही आढळलेले नाही.

औंढ्याच्या वेधशाळेत हॉकिंग प्रारण, म्हणजे या तापमानामुळे कृष्णविवरातून बाहेर पडणारे प्रारण, दिसेल का, असेही विचारले जाते. दिसणार नाही. ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची ती वेधशाळा कृष्णविवरांच्या टकरीतून उठणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपण्यासाठी आहे. मात्र विषयाशी तिचा संबंध निश्चित आहे. टकरीत क्षितिजाचे एकूण क्षेत्रफळ कमी होऊ शकत नाही, असे हॉकिंग यांनी १९७१ मध्ये सिद्ध केले होते, आणि जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतील लायगोने टिपलेल्या एका टकरीत ते सुमारे २,४०,००० चौरस किलोमीटरवरून सुमारे ४,००,००० चौरस किलोमीटरवर गेल्याचे आढळले. बाष्पीभवनात, म्हणजे कृष्णविवर विरताना, हेच क्षेत्रफळ घटते, कारण त्या प्रमेयाची एक अट तेथे मोडते. ती अट कोणती, हे पुढील पायरीत येते.

क्षितिजापाशी काय होते, याची योग्य मांडणी

लोकप्रिय लेखनात सांगितले जाते की क्षितिजाच्या अगदी काठावर कणांची जोडी निर्माण होते, एक कण आत पडतो, दुसरा बाहेर निसटतो आणि कृष्णविवर घटते. ही गोष्ट सांगायला सोपी आहे. परंतु ती शब्दशः धरली तर पुढे प्रत्येक वळणावर अडवते. तिची परीक्षा विद्यार्थ्यांनी स्वतःच घ्यावी. सूर्याएवढ्या कृष्णविवराच्या तापमानाला वीनचा नियम लावून तरंगलांबी काढली तर ती सुमारे ४७ किलोमीटर येते. कृष्णविवराचा व्यास मात्र ६ किलोमीटर आहे. ज्या लहरीची लांबी संपूर्ण कृष्णविवराच्या व्यासाच्या आठपट आहे, ती त्याच्या काठावरच्या एका बिंदूपाशी जन्मली, असे म्हणणे टिकत नाही.

योग्य मांडणी अशी आहे. तारा कोसळण्यापूर्वी अवकाश निर्वात होते, आणि क्वांटम क्षेत्रांच्या निर्वात अवस्थेतही शेजारच्या भागांतील चढउतार एकमेकांशी घट्ट संबंधित असतात. या संबंधाला एंटँगलमेंट म्हणतात. क्षितिज निर्माण झाल्यावर त्याच्या अलीकडच्या लहरी ताणल्या जात बाहेर निघतात आणि पलीकडच्या लहरी ताणल्या जात आत ओढल्या जातात. दूरवरच्या निरीक्षकाच्या घड्याळाने पाहिले तर बाहेर आलेल्या लहरी तापलेल्या वस्तूच्या प्रारणासारख्या दिसतात; आत गेलेले त्यांचे जोडीदार त्याला दिसत नाहीत, पण संबंध कायम राहतो. यासोबतच क्षितिजातून आत ऋण ऊर्जेचा अत्यंत क्षीण प्रवाह वाहतो आणि तोच कृष्णविवराचे वस्तुमान घटवतो. क्षेत्रफळाच्या प्रमेयाची मोडणारी अट ती हीच, कारण आत जाणारी ऊर्जा ऋण नसते, हे त्यात गृहीत धरलेले आहे.

घटणाऱ्या वस्तुमानाचे अवकाशकाल गणितात मांडण्यासाठी जे सूत्र वापरले जाते त्याचा उगम भारतात आहे, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे. बनारस हिंदू विद्यापीठात विष्णू वासुदेव नारळीकर यांच्यासोबत काम करत असताना प्र. चु. वैद्य यांनी प्रारण बाहेर टाकणाऱ्या ताऱ्याभोवतीच्या अवकाशकालाचे समीकरण सोडवले आणि ते १९४३ मध्ये प्रसिद्ध झाले. बाष्पीभवनाच्या आजच्या अनेक प्रतिकृतींत वैद्य यांचेच उत्तर थोड्या फेरफाराने बसवलेले असते.

आकृती काढणे

आता आलेखाचा कागद उभा धरावा. खालच्या डाव्या कोपऱ्याला शून्य मानून आडवे अंतर आधी आणि उभे अंतर नंतर, असे सेंटीमीटरमध्ये बिंदू मोजावेत. ही पेनरोझ आकृती आहे. तिच्यात वेळ खालून वर जाते आणि प्रकाश नेहमी ४५ अंशांच्या रेषेने जातो. लांबी-रुंदी मात्र खऱ्या प्रमाणात नसतात, कारण अमर्याद अवकाशकाल एका कागदावर मावण्यासाठी आकसून घेतलेला असतो.

बिंदू (०, ०) पासून (०, ८) पर्यंत उभी रेषा काढावी. हे केंद्र, म्हणजे आधी ताऱ्याचा आणि नंतर आतल्या भागाचा मध्य. (०, ८) पासून (४, ८) पर्यंत आडवी नागमोडी रेषा काढावी, ही सिंग्युलॅरिटी, म्हणजे जेथे प्रचलित गणित संपते ती सीमा. (०, ४) पासून (४, ८) पर्यंत ४५ अंशांची तुटक रेषा काढावी. हे घटना क्षितिज. (४, ८) हा बाष्पीभवन पूर्ण होण्याचा बिंदू असून त्याला ठळक टिंब द्यावे. तेथून (४, ११) पर्यंत पुन्हा उभी रेषा काढावी, कारण कृष्णविवर संपल्यावर उरलेल्या अवकाशालाही केंद्र असते. (४, ११) पासून (७.५, ७.५) पर्यंत उतरती रेषा म्हणजे बाहेर निसटलेला प्रकाश जेथे अखेर पोहोचतो ती सीमा, आणि (७.५, ७.५) पासून (०, ०) पर्यंतची रेषा म्हणजे जेथून येणारा प्रकाश निघाला ती सीमा. शेवटी (०, ०) पासून निघून (१, ५) जवळ क्षितिज ओलांडणारी आणि (१.२, ८) जवळ नागमोडी रेषेला मिळणारी वक्र रेषा काढावी, हा कोसळत्या ताऱ्याचा पृष्ठभाग.

डाव्या बाजूची उभी रेषा, वरची नागमोडी रेषा आणि तुटक क्षितिज यांच्यामध्ये जो त्रिकोण तयार होतो, तो कृष्णविवराचा आतला भाग. या त्रिकोणात पेन्सिलचे टोक कोठेही ठेवावे आणि तेथून दोन्ही बाजूंना ४५ अंशांच्या रेषा वरच्या दिशेने काढाव्यात. उजवीकडे जाणारी रेषा प्रत्येक वेळी नागमोडी रेषेलाच धडकते; तुटक रेषा ओलांडून बाहेर जाणारी एकही रेषा सापडत नाही. हे हाताने करून पाहिलेला विद्यार्थी पुन्हा कधी सिंग्युलॅरिटीला कृष्णविवराच्या मध्यावर ठेवलेला बिंदू म्हणत नाही. आकृतीत ती आडवी आहे, म्हणजे आत असलेल्या प्रत्येकाच्या भविष्यकाळात येणारा तो क्षण आहे. क्षितिजाच्या आत त्रिज्येची दिशा हीच काळाची दिशा होते, या गणिती विधानाचा अर्थ इतकाच.

आत पडणाऱ्याचे घड्याळ

औंढा तालुक्यातील एका विद्यार्थिनीने मला एकदा विचारले होते, "सर, बाहेरून बघणाऱ्याला आत पडणारा माणूस क्षितिज ओलांडताना कधीच दिसत नाही म्हणतात, अन् विवर तर एक दिवस संपून जातं, मग तो आत जायच्या आधीच विवर संपलं असं म्हणायचं का?" प्रश्न उत्तम होता आणि त्याचे उत्तर मी फळ्यावर याच आकृतीने दिले. (३, ७) पाशी क्षितिज ओलांडून (३.२, ८) पाशी नागमोडी रेषेला भिडणारी, जवळजवळ उभी रेषा काढावी, हा आत पडणारा प्रवासी. आता त्याच्या अखेरच्या बिंदूपासून उजवीकडे खाली ४५ अंशांची रेषा काढावी. या रेषेच्या खाली जे आहे तेवढेच त्याला आयुष्यात पाहता येते. आडवे अंतर ४ असते तेथे ही रेषा ७.२ उंचीवर असते, आणि बाष्पीभवनाचा बिंदू ८ उंचीवर आहे. म्हणजे प्रवाशाला कृष्णविवराचा शेवट दिसत नाही, तो त्याच्या आधी घडत नाही, आणि प्रवासी निश्चितपणे आत जातो. बाहेरच्याला तो क्षितिजाशी रेंगाळताना दिसतो, कारण त्याच्याकडून निघालेला अखेरचा प्रकाश उशिरा आणि क्षीण होत पोहोचतो.

प्रवाशाच्या मनगटावरचे घड्याळ किती वेळ दाखवते, हेही काढता येते. क्षितिजापासून सिंग्युलॅरिटीपर्यंत जास्तीत जास्त वेळ सूर्याएवढ्या कृष्णविवरात १५.५ मायक्रोसेकंद असतो, आणि तो वस्तुमानाच्या सम प्रमाणात वाढतो. सॅजिटेरियस ए-स्टारमध्ये तो साधारण १ मिनिट ७ सेकंद येतो. एम-८७ या दीर्घिकेतील ६.५ अब्ज सूर्यांच्या कृष्णविवरात तो २८ तासांच्या आसपास जातो. बाष्पीभवनाला लागणाऱ्या वर्षांशी याची तुलना केली की पुढील गोष्ट स्पष्ट होते: आत बसून बाष्पीभवन पाहणारा निरीक्षक असूच शकत नाही. प्रत्येक प्रवाशाच्या दृष्टीने कृष्णविवर त्याच्या पडण्याच्या काळात जवळजवळ स्थिर असते, आणि मोठ्या कृष्णविवराच्या क्षितिजावर त्याला वेगळे काही जाणवतही नाही. सॅजिटेरियस ए-स्टारच्या क्षितिजावर डोके आणि पाय यांच्यातील ताण पृथ्वीवरील गुरुत्वत्वरणाच्या दहाहजाराव्या भागाएवढा असतो, तर सूर्याएवढ्या कृष्णविवराच्या क्षितिजावर तो त्याच्या सुमारे २ अब्ज पट होतो. म्हणून कृष्णविवर विरत गेल्यावर फार उशिरा आत पडणाऱ्याचे हाल आधी पडलेल्याहून अधिक होतील.

मूळ ताऱ्याचे द्रव्यही या हिशेबातून सुटत नाही. ते क्षितिज ओलांडल्यावर काही मायक्रोसेकंदांतच नागमोडी रेषेशी पोहोचलेले असते. बाष्पीभवनात ताऱ्याचे द्रव्य कणाकणाने बाहेर येते, हा समज त्यामुळे सोडून द्यावा लागतो.

बाहेरून घटणारे, आतून वाढणारे

मग "बाष्पीभवन चालू असताना आत काय असते" हा प्रश्न विचारायचा तरी कसा? त्यासाठी आकृतीचे आडवे काप घ्यावे लागतात. (७.५, ७.५) पासून निघून डावीकडे येणारी, (२, ६) पाशी क्षितिज ओलांडणारी आणि (०, ५.६) पाशी डाव्या रेषेला मिळणारी एक रेषा काढावी. दुसरी रेषा (३.३, ७.३) पाशी क्षितिज ओलांडून (०, ६.८) पर्यंत न्यावी. रेषा कोठेही ४५ अंशांपेक्षा अधिक तिरपी होऊ देऊ नये; ती अट पाळली की प्रत्येक काप म्हणजे "एक क्षण" होतो. क्षणाची ही निवड आपली आहे आणि तशा निवडी अगणित आहेत, हे मात्र विसरू नये.

अशा कापाचा आतला तुकडा किती मोठा आहे, हे मारिओस क्रिस्टोडूलू आणि कार्लो रोव्हेली यांनी २०१५ मध्ये मोजून दाखवले. क्षितिजाच्या आत सर्वाधिक घनफळ देणारा काप निवडला तर तो दीर्घकाळ क्षितिज-त्रिज्येच्या तीन-चतुर्थांश त्रिज्येवर रेंगाळतो आणि काळ जाईल तसा लांबत जातो. सूत्र सोपे आहे: १६.३ गुणिले क्षितिजाच्या अर्ध्या त्रिज्येचा वर्ग गुणिले तेवढ्या काळात प्रकाशाने कापलेले अंतर. सूर्याएवढ्या कृष्णविवराची अर्धी त्रिज्या १.४८ किलोमीटर घ्यावी आणि १ अब्ज वर्षांत प्रकाश ९.४६ गुणिले १० चा २१ वा घात किलोमीटर जातो, हे मांडावे. उत्तर सुमारे ३.४ गुणिले १० चा २३ वा घात घनकिलोमीटर येते. त्यात सव्वादोन लाखांहून अधिक सूर्य मावतील. हे सगळे ३ किलोमीटर त्रिज्येच्या क्षितिजाआड असते.

हे उत्तर पहिल्यांदा हाती येते तेव्हा विद्यार्थी आकडेमोड पुन्हा तपासतात, आणि त्यांनी ती तपासावीच. क्षितिजाचे क्षेत्रफळ बाष्पीभवनाने घटत असताना आतले घनफळ वाढतच राहते, असे क्रिस्टोडूलू आणि टोमासो दे लोरेन्झो यांनी २०१६ मध्ये दाखवले. वाढणारी ही जागा बहुतांशी रिकामी असते. तिच्यात आत गेलेल्या जोडीदार लहरी असतात, त्यांतील प्रत्येक लहर बाहेर दूर निघून गेलेल्या प्रारणाशी अजून जोडलेली असते, आणि प्रत्येक लहर आपल्या घड्याळाने अल्पकाळातच सिंग्युलॅरिटीकडे सरकत असते. बाष्पीभवन होत असताना कृष्णविवराच्या आतल्या भागाचे याहून विश्वासार्ह वर्णन आज प्रचलित गणितातून करता येत नाही.

माहितीची जमाखर्चाची वही

आता तिसरा काप घ्यावा: (७.५, ७.५) पासून (४, ९) पर्यंत. हा काप बाष्पीभवनाच्या बिंदूच्या वरून जातो आणि त्याला आतला तुकडाच नाही. पहिल्या दोन कापांवर बाहेरचे प्रारण आणि आतले जोडीदार मिळून क्वांटम अवस्था परिपूर्ण होती. तिसऱ्या कापावर जोडीदार नाहीत, फक्त प्रारण उरले. हॉकिंग यांनी १९७६ मध्ये नेमके हेच दाखवून म्हटले की माहिती नष्ट होते. क्वांटम यांत्रिकी मात्र असा नाश मान्य करत नाही. विवादाचा गाभा एवढाच आहे, आणि तो शब्दांपेक्षा या तीन रेषांतून लवकर समजतो.

वहीत दोन स्तंभ आखून हिशेब मांडावा. एका स्तंभात कृष्णविवराची एंट्रॉपी, म्हणजे बाहेरून न दिसणाऱ्या माहितीचे माप, लिहावी. जेकब बेकेनस्टाइन यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी सुचवल्याप्रमाणे ती क्षितिजाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात असते, म्हणजे वस्तुमानाच्या वर्गाच्या प्रमाणात घटत जाते. दुसऱ्या स्तंभात बाहेरच्या प्रारणाची आतल्या भागाशी असलेली एंटँगलमेंट मोजणारी एंट्रॉपी लिहावी. हॉकिंग यांच्या गणिताप्रमाणे ती वाढतच जाते. दोन्ही स्तंभ कोठेतरी एकमेकांना गाठतात. कृष्णविवराची एंट्रॉपी अर्धी होते तेव्हा वस्तुमान मूळच्या ७१ टक्क्यांवर आलेले असते आणि घनाच्या सूत्राने आयुष्याचा ६५ टक्के भाग सरलेला असतो. डॉन पेज यांनी १९९३ मध्ये दाखवले की माहिती टिकायची असेल तर दुसऱ्या स्तंभातील संख्या अशा एका क्षणानंतर उतरू लागली पाहिजे. बाहेर पडणाऱ्या प्रारणाची एंट्रॉपी कृष्णविवराने गमावलेल्या एंट्रॉपीपेक्षा अधिक असल्याने तो क्षण प्रत्यक्षात थोडा आधी, आयुष्याचा निम्म्याहून किंचित अधिक भाग सरल्यावर येतो. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की तेव्हा कृष्णविवर अजून प्रचंड असते. अडचण शेवटच्या सेकंदावर ढकलून देता येत नाही.

२०१२ मध्ये अल्महैरी, मॅरोल्फ, पोल्चिन्स्की आणि सली यांनी अडचण अधिक तीव्र केली. त्या क्षणानंतर बाहेर येणारी लहर आधी गेलेल्या प्रारणाशी पूर्णपणे जोडलेली हवी, आणि क्षितिज निर्वात राहायचे असेल तर ती आतल्या जोडीदाराशीही पूर्णपणे जोडलेली हवी. क्वांटम यांत्रिकीत एकच लहर दोघांशी पूर्णपणे जोडलेली राहू शकत नाही. तेव्हा एक तर क्षितिजावर आत पडणाऱ्याला भाजून काढणारी ऊर्जेची भिंत असली पाहिजे, किंवा आपले एखादे गृहीतक चुकीचे असले पाहिजे.

२०१९ मध्ये जेफ पेनिंग्टन यांनी, आणि स्वतंत्रपणे अल्महैरी, एंगेलहार्ट, मॅरोल्फ व मॅक्सफील्ड यांनी, गुरुत्वाकर्षणाच्याच गणितातून पेज यांचा उतार काढून दाखवला. त्यांच्या निष्कर्षाचे आतल्या भागाविषयीचे म्हणणे विलक्षण आहे: त्या क्षणानंतर आतल्या भागाचा मोठा हिस्सा, ज्याला "बेट" म्हणतात, प्रारणाच्या हिशेबात धरावा लागतो. दुसऱ्या कापावर क्षितिजाच्या आतला जवळजवळ सगळा तुकडा पेन्सिलने छायांकित करावा आणि तो दुसऱ्या स्तंभात जोडावा. बाहेरच्या प्रारणावर पुरेशी गुंतागुंतीची क्रिया केली तर आतल्या त्या भागाची माहिती हाती लागू शकते, असा याचा अर्थ. माझ्या मते या प्रश्नावर गेल्या ५० वर्षांत झालेली ही सर्वांत मोठी प्रगती आहे. तथापि हे गणित बहुतांशी सरलीकृत प्रतिकृतींत झालेले आहे, आणि प्रत्येक लहरीत माहिती कोणत्या मार्गाने उमटते याचे चित्र त्यातून अजून मिळत नाही.

वेगळ्या वाटाही आहेत. समीर माथूर यांच्या स्ट्रिंग सिद्धांतावर आधारलेल्या मांडणीत क्षितिज आणि रिकामा आतला भाग नसतोच. त्या जागी तंतूंचा गुंता असतो, आणि त्याच्या पृष्ठभागावरून प्रारण एखाद्या जळत्या वस्तूतून निघावे तसे माहिती घेऊन निघते. धुळे जिल्ह्यातील शिरपूरचे अभय अष्टेकर आणि मार्टिन बोजोवाल्ड यांनी २००५ मध्ये मांडलेल्या चित्रात नागमोडी रेषाच उरत नाही. अवकाशाची क्वांटम भूमिती तेथे संपत न जाता पलीकडे चालू राहते आणि जोडीदार लहरी पुढे बाहेरच्या जगाशी पुन्हा जोडल्या जातात. हे चित्र समजण्यासाठी आकृतीची दुसरी प्रत काढावी, नागमोडी रेषा खोडरबराने पुसावी, तेथे एक करडा पट्टा काढावा आणि तिसरा काप डावीकडे त्या पट्ट्याच्या वरून न्यावा. मग दोन्ही प्रती शेजारी ठेवून पाहाव्यात. मतभेद नेमका कोठे आहे हे लगेच दिसते.

ठळक टिंबापाशी

अखेरच्या १ सेकंदासाठी उरलेले वस्तुमान आयुष्याच्या सूत्रातून उलट काढावे. ते सुमारे २,२८,००० किलोग्रॅम येते. त्याची सगळी ऊर्जा त्या सेकंदात बाहेर पडते, म्हणजे २ गुणिले १० चा २२ वा घात ज्यूल, जी सुमारे ५० लाख मेगाटन टीएनटीच्या स्फोटाएवढी आहे. त्या वेळी क्षितिजाची त्रिज्या प्रोटॉनच्या त्रिज्येपेक्षा सुमारे २५ लाख पटींनी लहान असते. इतक्या तापमानाला प्रकाशाबरोबर इतरही सर्व प्रकारचे कण बाहेर पडतील, त्यामुळे हा आकडा केवळ अंदाज म्हणून वापरावा. विश्वाच्या आरंभी निर्माण झालेली आणि आज शेवटाला आलेली लहान कृष्णविवरे असतील तर त्यांचे मूळ वस्तुमान १० च्या ११ व्या घाताच्या काही पटींएवढे किलोग्रॅम असले पाहिजे. त्यांच्या अखेरच्या गॅमा किरणांचा शोध अनेक दुर्बिणींनी घेतला असून तसा स्फोट अद्याप सापडलेला नाही.

वस्तुमान १ किलोग्रॅमच्या सुमारे पाच कोटीव्या भागाकडे जाऊ लागले की आपली तिन्ही सूत्रे एकदम निरुपयोगी होतात, कारण तेथे अवकाशकालाचीच क्वांटम मांडणी लागते. ठळक टिंबाभोवती म्हणूनच एक छोटे वर्तुळ काढून ते कोरे ठेवावे. कोणी त्या वर्तुळाच्या आतले चित्र खात्रीने सांगत असेल, तर त्याने कोणती मांडणी गृहीत धरली आहे, हे पहिल्यांदा विचारावे. वर्तुळाच्या बाहेरचे गणित मात्र खरेच आपल्या आवाक्यातले आहे.

ज्यांना या वाटेने पुढे जायचे आहे त्यांनी विशेष सापेक्षतेची अवकाशकाल-आकृती, उष्मागतिकी आणि सांख्यिकीय यांत्रिकी यांपासून आरंभ करावा. त्यानंतर घनता-मॅट्रिक्स आणि एंटँगलमेंट, मग टेन्सर व व्यापक सापेक्षता, आणि क्वांटम क्षेत्र सिद्धांत सर्वांत शेवटी घ्यावा. घनता-मॅट्रिक्सचा भाग पदवीच्या अभ्यासक्रमात अनेकदा घाईने उरकला जातो. या विषयासाठी तोच सर्वाधिक उपयोगी पडतो, म्हणून दोन स्पिनच्या अवस्थेची एंट्रॉपी हाताने काढण्याचा सराव पहिल्याच महिन्यात करावा.